अस्सल एक, नकला अनेक : रीड रेप्लिकांमागची पार्श्वभूमी

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात सौदा निघाला की भाव एकदाच लिहिला जातो. तो बघणारे मात्र औसा, निलंगा, उदगीरपर्यंत पसरलेले असतात. भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपमागच्या डेटाबेसवर लिहिण्याचं काम थोडं आणि वाचण्याचं अफाट. मग मूळ सर्व्हरच्या दोन-तीन नकला, म्हणजेच रीड रेप्लिका, उभ्या करून वाचणाऱ्यांना तिकडे वळवायचं, हे कुणालाही सुचेल. अडचण एकच : नक्कल अस्सलाच्या मागे राहते. फेरफार मंजूर झाला तरी आधी काढून आणलेल्या सातबाऱ्यावर जुनंच नाव असतं, तसंच हे. ही दिरंगाई कुणी सोसायची, यावर गेली तीस वर्षं खल चालू आहे.

प्रश्नाची नेमकी मांडणी १९९४ मध्ये झाली. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ‘बेयू’ नावाच्या प्रणालीवर काम करणाऱ्या डग्लस टेरी आणि सहकाऱ्यांनी नकला वापरणाऱ्याला चार हमी देता येतात असं मांडलं. त्यातल्या दोन आजही रोज लागतात : मी लिहिलेलं मला दिसलंच पाहिजे, आणि एकदा नवं दिसलं की पुन्हा जुनं दिसता कामा नये. दोनच वर्षांनी जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. प्रत्येक नकलेवर लिहू दिलं तर सर्व्हर दहापट झाल्यावर डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं) हजारपट होतात. लिहायचं एकाच ठिकाणी, वाचायचं कुठेही, ही रीत पुढे रुळली त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

सामान्य वेबसाइटवाल्यांच्या हाती ती रीत २००० मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ३.२३ आवृत्तीतून आली. मूळ सर्व्हर प्रत्येक बदल बायनरी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहितो, नक्कल तो लॉग ओढून घेते आणि तेव्हा तीच विधानं (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) पुन्हा चालवत असे. ४.० आवृत्तीत नकलेवरचं काम दोन थ्रेडमध्ये (कामाच्या स्वतंत्र धाग्यांत) विभागलं : एक लॉग आणून ठेवणारा, दुसरा तो चालवणारा. दुखणं दुसऱ्यात होतं. मूळ सर्व्हरवर पन्नास कनेक्शन एकाच वेळी लिहीत असली तरी नकलेवर चालवणारा थ्रेड एकच. मूळ सर्व्हरवर दहा मिनिटं चाललेला एखादा मोठा अपडेट नकलेवर त्यानंतर सुरू होणार आणि तिथेही साधारण तेवढाच वेळ घेणार. तोवर मागचं सगळं तुंबलेलं. समांतर चालवण्याची सोय ५.६ मध्ये (२०१३) आली, पण डेटाबेसनिहाय. सगळी टेबलं एकाच डेटाबेसमध्ये असणाऱ्यांना खरा आराम ५.७ मध्ये (२०१५) मिळाला.

दिरंगाई मोजायचा आकडाही फसवा होता. ‘सेकंड्स बिहाइंड मास्टर’ (मूळ सर्व्हरच्या किती सेकंद मागे) हा आकडा नकलेपर्यंत पोचलेल्या लॉगवरून निघतो. मधली लाइनच तुटली आणि नकलेला ते कळलं नाही, तर आकडा शून्य दाखवत राहतो. ५.७.७ च्या आधी ‘काही येत नाही’ हे ओळखायची मूळ मुदत ३६०० सेकंद होती, नंतर ती ६० वर आली. जाणती मंडळी म्हणून मूळ सर्व्हरवर दर सेकंदाला एका टेबलात वेळ लिहितात आणि नकलेवर ती वाचून फरक काढतात. आजही हाच उपाय भरवशाचा.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नकलेवर थेट वाचण्याची सोय सप्टेंबर २०१० मध्ये, ९.० आवृत्तीबरोबर आली. इथे विधानं न पाठवता डेटा साठवलेल्या पानांमधले बदल जातात, त्यामुळे नक्कल हुबेहूब. पण भांडण वेगळं निघालं. मूळ सर्व्हरवर व्हॅक्यूमने, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईने, जुन्या ओळी झाडल्या की ती झाडलोट नकलेवरही पोचते. तिथे त्याच ओळी वाचणारा लांबलचक अहवाल चालू असेल तर पोस्टग्रेस मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबतं आणि तो अहवाल मागणारी क्वेरी मारून टाकतं. ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ (नक्कल काय वाचतेय ते मूळ सर्व्हरला कळवणारं सेटिंग) चालू केलं तर अहवाल तगतो, पण मूळ सर्व्हरवर कचरा साठतो. ९.४ मधल्या रेप्लिकेशन स्लॉटचीही तीच गत : नक्कल बंद पडून राहिली तर तिच्यासाठी राखलेल्या लॉगने मूळ सर्व्हरची डिस्क भरते. त्याला मर्यादा घालता येऊ लागली ती १३ व्या आवृत्तीत. बंद केलेल्या नकलेचा स्लॉट त्याच दिवशी काढून टाकावा.

ऑक्टोबर २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस-सेवेवर मायएसक्यूएलसाठी ‘रीड रेप्लिका’ ही तयार सोय दिली आणि हे नाव सर्वतोमुखी झालं. बटण दाबलं की नक्कल, त्यामुळे एक गैरसमजही पसरला : नकला वाढवल्या की लिहिण्याची ताकद वाढते. वाढत नाही. सर्व्हरची ताकद १००० कामांची आणि त्यातली ६०० लिहिण्याची असतील, तर प्रत्येक नकलेलाही लिहिण्याचं ते ओझं वाहावं लागतं आणि वाचायला उरतात जेमतेम ४००. लिहिणं २०० असेल तर ८००. रेप्लिका घेण्याआधी हे गुणोत्तर काढावं.

दरम्यान दिरंगाई झाकायचं काम अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्याच गळ्यात होतं. फेसबुकने २००८ मध्ये सांगितलेली युक्ती प्रसिद्ध आहे : वापरणाऱ्याने काही लिहिलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे छोटी खूण, ठेवायची आणि पुढचे २० सेकंद त्याला कॅलिफोर्नियातल्या मूळ सर्व्हरकडेच पाठवायचं. आडत्याने भाव टाकला आणि त्यालाच जुना भाव दिसला, तर तो पुन्हा टाकतो आणि नोंद दुबार होते. त्यावर हाच तोडगा लागू पडतो.

वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेल्या, डेटाबेसांनी गणित बदललं. गूगलच्या स्पॅनरने (शोधनिबंध २०१२) जीपीएस आणि अणुघड्याळांच्या आधारे प्रत्येक नोंदीला विश्वासार्ह वेळ दिली. त्यामुळे ‘अमुक क्षणाचं चित्र दाखव’ असं नकलेला विचारता येऊ लागलं. राफ्ट या २०१४ च्या, सर्व्हरांच्या मतांवर चालणाऱ्या पद्धतीवर उभ्या युगाबाइट या डेटाबेसमध्ये लिहिलेलं पक्कं व्हायला बहुमत लागतं, पाचात तीन. रीड रेप्लिकेला मात्र मत नाही. ती लांब असली तरी लिहिणं रेंगाळत नाही. तिथून वाचताना किती जुना डेटा चालेल हे आपण सांगायचं, मूळ सेटिंग ३० सेकंदांचं.

मराठवाड्याला हे अंतर महत्त्वाचं आहे. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं डेटा केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं २०२२ मध्ये. नकाशावर नांदेडला हैदराबाद जवळ. १९५६ पर्यंत कारभारही तिकडूनच चाले. फायबरमधून प्रकाशाला दर २०० किलोमीटरला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे अंतराचा फरक मुळात एक-दोन मिलिसेकंदांचा. आपल्या सेवादात्याची लाइन हैदराबादला मुंबईवरून वळसा घालून जात असेल तर तेवढा फायदाही बुडाला. तेव्हा रेप्लिका कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी नांदेडहून दोन्हीकडे ट्रेसरूट (लाइनची वाट आणि लागणारा वेळ दाखवणारी आज्ञा) चालवावा, सकाळी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा.