जबडा धरला की तोंड आवळलं?

गोव्यातल्या डिचोली-उसगाव पट्ट्यात खनिजाचा ट्रक चालवणारा असो की चोर्ला घाटातून बेळगावची भाजी उतरवणारा, दोन तक्रारी एका दमात येतात: कंबर गेली, आणि तोंड नीट उघडत नाही. कंबरेचं खापर रस्त्यावर फोडायला हरकत नाही. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणारं कंपन सर्वांत जास्त झेलतो, आणि अवजड गाडीची सीट त्याच्याच आसपास हलते. तोंडाचं मात्र तसं सरसकट सांगता येत नाही. ‘जबडा धरलाय’ या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात.

पहिला सांध्याचा. कानाच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. तिथे जे हलतं तो जबड्याचा सांधा, डॉक्टरांच्या भाषेत टीएमजे. खड्डा दिसला की दात आपोआप आवळले जातात, घाटात तर बराच वेळ तसेच राहतात. खरं म्हणजे जेवणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. सतत आवळल्याने स्नायू थकतात, काहींच्या सांध्यातली कूर्चेची चकती सरकते. मग कटकट आवाज येतो, चावताना कानापुढे दुखतं, सकाळी उठल्यावर जबडा जड असतो. चकती अडकलीच तर तोंड एकाएकी, कधी एका जांभईत अडतं, आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते.

दुसरा आजार सबम्युकस फायब्रोसिस. यात सांधा बहुधा शाबूत असतो. आवळतं ते गालाच्या आतलं अस्तर. कारण सुपारी. ‘तंबाखू कधीच सोडली, आता नुसती सुपारी चघळतो, म्हणजे गाडीवर झोप येत नाही’ असं सांगणाऱ्याला हे पटवणं कठीण जातं. फोंड्याच्या कुळागरांत पिकणारी, पूजेला आणि विड्याला चालणारी वस्तू. तिला व्यसन कोण म्हणणार? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली. गोव्यात गुटख्याला बंदी आहे, तरी पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी हातावर एक करायला कितीसा वेळ लागतो!

इथे पहिली खूण तोंड आवळण्याची नसतेच. रोजचंच हुमण (माशाची आमटी) झोंबायला लागतं, तोंडात आग होते. बायकोने तिखट जास्त घातलं, असं वाटून महिने निघून जातात. पुढे गाल आतून पांढरट पडतात, बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या हाताला लागतात. शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाहीत, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. दुखत फारसं नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच.

घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. साधारण ४० मिलिमीटर तोंड उघडत असेल तर ती बसतात. दोनच बसली तर काहीतरी बिघडलंय एवढं नक्की. पण काय, ते बोटं सांगत नाहीत. अचानक, कटकट होऊन, एका बाजूला दुखून अडलं असेल तर संशय सांध्यावर. हळूहळू, जळजळीनंतर, दोन्हीकडून आवळत आलं असेल तर सुपारीवर. दोन्ही एकत्रही असतात, कारण टणक सुपारी दिवसभर चघळली की सांधाही झिजतो. आणि सुपारी सोडण्यासाठी च्युइंगम धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की दुखऱ्या सांध्याला तीही शिक्षाच.

उपचारात दोघांच्या वाटा वेगळ्या. सांध्याचं दुखणं मऊ जेवण, गरम शेक, दात सैल ठेवण्याची सवय आणि गरज पडल्यास रात्री घालायची दातांची पट्टी यांनी बहुतेकांचं निवतं. फायब्रोसिसमध्ये कडक झालेलं अस्तर पूर्ववत होत नाही. सुपारी बंद केली तर वाढ थोपवता येते, आणि लाकडी पट्ट्या एकेक वाढवत दातांत धरण्याच्या व्यायामाने थोडं तोंड मोकळं होतं. गोळ्या-इंजेक्शनं, फारच आवळलं तर शस्त्रक्रिया. मात्र हा आजार कर्करोगाकडे झुकणारा आहे, म्हणून सुपारी सुटली तरी तपासण्या सुटत नाहीत. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दोन्ही दुखण्यांची तपासणी होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल, तर पुढच्या फेरीआधीच तिथे जावं.