'मूव्ह' म्हणजे नक्की काय? फाइल सर्व्हरची फेररचना आणि प्रतींचा प्रश्न

अनेक सर्व्हरवर प्रती असलेली फाइल हलवली की त्या प्रतींचं काय होतं, हे 'मूव्ह' या शब्दातून कळत नाही. १९८०च्या दशकातल्या एएफएसमध्ये (अनेक सर्व्हरवर पसरलेली फाइल प्रणाली) निदान शब्दांचा घोळ नव्हता. व्हॉल्यूम (एकत्र हलवता येणारा फोल्डरांचा गट) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेलं तरी वापरणाऱ्याला पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, तोच दिसे. फक्त वाचण्यासाठी ठेवलेल्या प्रती मात्र सोबत जात नसत. त्या नव्या जागी वेगळ्या नोंदवून 'रिलीज' कराव्या लागत, म्हणजे मूळ व्हॉल्यूमवरून ताज्या कराव्या लागत. कटकट होती, पण रिलीज होईपर्यंत प्रत शिळीच राहणार हे सगळे धरून चालत. १९९६ मध्ये आरसिंक हे दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारं साधन आलं. ते नाव बदललेली फाइल नवीच समजून पुन्हा पाठवतं, आणि डिलीटचा पर्याय दिला असेल तर पलीकडची जुनी पुसतं.

खरा गोंधळ विंडोजच्या जगात झाला. विंडोज २००० मधलं एफआरएस (सर्व्हरांमधल्या प्रती आपोआप सारख्या ठेवणारी, म्हणजे रेप्लिकेशन करणारी सेवा) नुसती परमिशन बदलली तरी अख्खी फाइल पाठवायचं. विंडोज सर्व्हर २००३ आर२ सोबत आलेल्या, त्याच कामाच्या डीएफएस रेप्लिकेशनने फाइलचा बदललेला भागच पाठवायला सुरुवात केली. इथे रेप्लिकेट होणाऱ्या एकाच फोल्डरच्या आत काही हलवलं, तर पलीकडे फक्त नोंद बदलते. पण असे दोन फोल्डर एकाच डिस्कवर असले आणि एकातून दुसऱ्यात काही नेलं, तर? स्थानिक सर्व्हरवर काम क्षणात होतं, कारण डिस्कच्या लेखी ते नाव बदलणंच. रेप्लिकेशनच्या लेखी मात्र पहिल्यात डिलीट आणि दुसऱ्यात नवी फाइल. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसत असतं आणि बॅकलॉग, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या बदलांची रांग, फुगत असते. त्यावर कोणी वरच्या फोल्डरला नव्या परमिशन लावल्या की खालची प्रत्येक फाइल पुन्हा स्टेजिंगमधून (पाठवण्याआधी फाइल तयार करून ठेवण्याची तात्पुरती जागा) जाते. स्टेजिंगची मूळ मर्यादा ४ जीबी. शिफारस मात्र सर्वांत मोठ्या ३२ फाइलींच्या बेरजेइतकी तरी ठेवण्याची. मर्यादा तशीच सोडून फेररचनेला हात घालणारे कमी नाहीत.

मग वाद उरतो तो रेप्लिकेशन तोडून फेररचना करायची की चालू ठेवून, याचा. तोडणाऱ्यांचं म्हणणं असं, की एका बाजूला सगळं लावा, दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि पुन्हा जोडा. कागदावर हे सुटसुटीत आहे. पण जोडताना प्रायमरी (ज्याच्याकडची प्रत प्रमाण धरली जाते तो) म्हणून शिळा सर्व्हर निवडला गेला, तर ताज्या फाइली 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड' या बाजूला काढलेल्यांच्या फोल्डरमध्ये जातात, आणि प्रायमरीवर मुळातच नसलेल्या 'प्रीएक्झिस्टिंग'मध्ये. शिवाय आधी कॉपी केलेल्या फाइलींच्या परमिशन तंतोतंत जुळल्या नाहीत तर हॅश (फाइल तीच आहे का हे ताडण्याचा आकडा) जुळत नाही, म्हणजे केलेली कॉपी बरीचशी वाया. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये डेटाबेस क्लोनिंग (रेप्लिकेशनच्या नोंदींची तयार प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेणं) आल्यावर पहिल्या सिंकचा वेळ खूप घटला; पण प्रायमरी चुकण्याचा धोका त्याने जात नाही. म्हणून आमचा कौल चालू ठेवण्याकडेच: एक फोल्डर हलवा, दोन्ही दिशांचा बॅकलॉग शून्यावर येऊ द्या, परमिशन दुसऱ्या दिवशी.