अंबाळा तलाव (रामटेक)

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर, रामटेकच्या टेकडीलगत डोंगरांच्या खोलगटात वसलेला जुना बांधीव तलाव व तीर्थ. काठाने दगडी घाट आणि लहानमोठी देवळे आहेत. अंबा नावाच्या राजाचे कुष्ठ इथल्या स्नानाने बरे झाले, अशी आख्यायिका आहे.

बहुतेक नागपूरकर गाडीने थेट गडावर जातात, रामाचे दर्शन घेतात आणि खिंडसी तलावावर बोटीत बसायला निघतात. गडाची मांडणी मात्र अंबाळ्याकडून पायऱ्या चढून गेल्यावरच नीट उमगते: खाली तीर्थ, मध्ये रान, वर देव. वराह दरवाज्याच्या आत वराहाची भव्य मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघणारा पुण्यवान, असा समज. अंगाने भरलेल्या भाविकांची इथे उगाच परीक्षा होते. टेकडीवरच केवल नरसिंह व रुद्र नरसिंह ही पाचव्या शतकातील, वाकाटक राजघराण्याच्या काळची मंदिरे आहेत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, इथून जवळच. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी पर्वत तो हाच, असे मत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले.

तलाव नाजूक आहे तो त्याच्या जागेमुळे. त्याची भर मुख्यतः भोवतालच्या उतारांवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यावर, त्यामुळे टेकडीवर जे घडते ते अखेर तळ्यात उतरते. पायऱ्या सोडून आडवाटेने चढणाऱ्यांमुळे झुडपे तुडवली जातात, माती सुटते आणि पहिल्याच मोठ्या पावसात गाळ होऊन पाण्यात येते. शिवाय इथे अस्थिविसर्जन व पिंडदान चालते. राख, कणकेचे पिंड, निर्माल्य आणि साबण यांतली पोषकद्रव्ये साचली की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो व मासे गुदमरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी आटते, घाण तेवढीच राहते. श्रद्धा न दुखवता यावर उपाय निघू शकतो: निर्माल्यासाठी काठावर वेगळी कुंडी ठेवणे, एवढ्यानेही भार हलका होतो.

चढाईला पावसाळ्याचा शेवट ते हिवाळा हा काळ उत्तम. सीताफळेही तेव्हाच पिकतात. त्रिपुरी पौर्णिमेला मोठी गर्दी असते. गडावरची वानरे हातातला प्रसाद हिसकतात, म्हणून तो पिशवीत ठेवावा. त्यांना खाऊ घालणेही टाळावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. तेव्हा पहाटेच चढावे, कारण दहानंतर दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही.