गो आणि गोमोकू: गोट्या सारख्या, वावर वेगळं

"मामा, पाच झाले! जिंकलो!"

भाच्यानं हात झटकले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. ओट्यावर खडूनं नऊ उभ्या, नऊ आडव्या रेघा आखल्या होत्या. काळ्या गोट्या म्हणून त्याच्याकडे चिंचोके, पांढऱ्या म्हणून माझ्याकडे सोयाबीन. (सोयाबीन घेऊ नका. गोल असते, कोणी पाय आपटला की अर्धा डाव नालीत जातो.) त्याची पाच चिंचोक्यांची रांग पटाच्या मधोमध सरळ उभी होती. तेवढ्या वेळात मी दोन कोपरे धरून बसलो होतो.

"पाच झाले तं काय झालं?" मी म्हणालो.

"काहून? फोनवर तं पाच झाले का फटाके फुटते!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याच्या आधी मीच त्याला फोनवर सांगितलं होतं, गो नावाचा खेळ उतरवून घे, दिवाळीत येशील तेव्हा खेळू. पोरानं प्रामाणिकपणे उतरवला, पंधरा दिवस खेळला, शंभरावर डाव जिंकला. फक्त तो खेळ गो नव्हता, गोमोकू होता.

पोराची चूक नाही. फोनवर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं: पिवळसर लाकडी पट, बारीक रेघांची जाळी, काळ्या-पांढऱ्या गोट्या. दोन्हींत पहिली खेळी काळ्याची, दोन्हींत गोटी चौकोनात नाही तर रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. गोमोकू पूर्वीपासून गोच्याच पटावर, गोच्याच गोट्यांनी खेळत आले आहेत. आणि नावातला 'गो' तर निव्वळ फसवा. गोमोकूमधल्या 'गो'चा जपानी अर्थ पाच, 'मोकू' म्हणजे पटावरची जागा. गो खेळाचं नाव जपानीत वेगळ्या चिन्हानं लिहितात, त्याचा पाचाशी काही संबंध नाही. देवनागरीत आलं की दोन्ही 'गो' एकच. चिनी लोक या खेळाला वेइची म्हणतात, म्हणजे वेढा घालण्याचा खेळ. कोरियन नाव बादुक. फोनमध्ये शोधताना हे बादुक इंग्रजी अक्षरांत टाकलं तर नेमका खेळ सापडतो. नुसतं गो टाकलं तर गाड्या पळवण्यापासून काय वाट्टेल ते समोर येतं.

गोमोकूचं गणित दोन मिनिटांत समजतं. पट बहुधा १५ रेघांचा. आळीपाळीनं गोटी ठेवायची. आडव्या, उभ्या किंवा तिरप्या रांगेत पाच सलग आल्या की डाव संपला. ठेवलेली गोटी हलत नाही, उचलली जात नाही. सगळा जीव एका गोष्टीत: समोरच्याला एकाच वेळी दोन ठिकाणी अडवायला लावायचं. तीन गोट्या सलग आणि दोन्ही टोकं मोकळी दिसली की लगेच अडवा. नाही अडवलं तर पुढच्या खेळीला चार होतात, दोन्ही टोकं उघडी, आणि तुमच्या हातात खेळी एकच. भाचा यात तरबेज झाला होता. खेळ हलका नाही, पण तो रेघेचा खेळ आहे.

गो हा वावराचा खेळ आहे. आपल्याकडच्या माणसाला तो सांगायला मला धुऱ्याशिवाय, म्हणजे शेताच्या बांधाशिवाय, दुसरा शब्द सुचत नाही. गोट्यांनी धुरा घालायचा आणि आतली मोकळी जागा आपली म्हणायची. डावाच्या शेवटी ज्याचं वावर मोठं तो जिंकला. पाच, सहा, सात गोट्या रांगेत आल्या तरी त्या रांगेच्या आत काही सापडत नसेल, तर तो एकाकी बांध. ना आत पीक, ना बाहेर.

म्हणूनच पहिली खेळी कुठे करायची यावरून दोन खेळांच्या सवयी फाटतात. गोमोकूत मधोमध, कारण तिथून आठही दिशा मोकळ्या. गोच्या १९ रेघांच्या मोठ्या पटावर आधी कोपरे, मग कडा, मग मध. का ते चिंचोके मांडून भाच्याला दाखवलं. तीन बाय तीन, म्हणजे नऊ जागांचं वावर घ्यायचं आहे. कोपऱ्यात घेतलं तर सहा गोट्यांत भागतं, कारण दोन बाजूंना पटाची कडाच धुऱ्याचं काम करते. कडेला घेतलं तर नऊ लागतात. मधात घेतलं तर बारा. वावर तेवढंच, मजुरी दुप्पट. नाल्याला लागून वावर असणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गोमध्ये गोटी मरते. रेघांवरून लगतची जी रिकामी जागा असते तिला चिनी भाषेत त्या गोटीचा श्वास म्हणतात, आणि तोच शब्द मराठीत चपखल बसतो. पटाच्या मधात एकट्या गोटीला चार श्वास, कडेला तीन, कोपऱ्यात दोनच. तिरपी जागा धरायची नाही, आणि गोमोकूवाले इथेच हमखास फसतात, कारण त्यांना तिरपी रांगही रांगच वाटते. एकमेकींना चिकटलेल्या गोट्यांचे श्वास एकत्र मोजायचे. भाच्याच्या त्या पाचच्या रांगेला बारा श्वास होते: दोन्ही अंगांना पाच-पाच आणि टोकांचे दोन. सगळे श्वास विरुद्ध रंगानं भरले की गोट्या उचलून बाजूला. शेवटचा एकच श्वास उरला की त्याला जपानीत अतारी म्हणतात. व्हिडिओ गेमच्या त्या जुन्या अमेरिकन कंपनीनं नाव इथूनच घेतलं.

मग कोणताही गट घेरला की मेलाच का? नाही, आणि गो इथे खरा सुरू होतो. गटाच्या पोटात दोन वेगवेगळ्या रिकाम्या जागा असल्या, ज्यांना डोळे म्हणतात, तर तो गट कायमचा जिवंत. बाहेरचे सगळे श्वास बुजवून शत्रू एका डोळ्यात गोटी टाकायला गेला तर तिला स्वतःलाच श्वास नाही, आणि दुसरा डोळा उघडाच असल्यामुळे तुमचा गट उचलला जात नाही, म्हणून ती खेळी चालतच नाही. दोन्ही डोळे एका खेळीत बुजवता येत नाहीत. एकच डोळा असेल तर मात्र आज ना उद्या गट गेला. हे मी तोंडी समजावलं तेव्हा भाचा नुसती मान हलवत होता. कोपऱ्यात चिंचोक्यांचा गट मांडून, "घे, मार आता मले," म्हटलं, तेव्हा पाच मिनिटं सोयाबीनचा दाणा बोटात फिरवत बसला आणि शेवटी म्हणाला, "जागाच नाई ठेवली तुमी." तिथून पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. एक अपवाद: दोघं एकाच जागी एकमेकांची एकेक गोटी आलटून पालटून उचलत बसू नयेत म्हणून को नावाचा नियम आहे. लगेच परत उचलता येत नाही, मध्ये एक खेळी दुसरीकडे करावी लागते.

गोट्या पलटतात आणि रंग बदलतो, असं तुमच्या फोनमध्ये दिसत असेल तर तो ओथेल्लो. तो तिसराच प्राणी, त्याचं इथे काम नाही.

दोन खेळांची खोली किती वेगळी आहे हे संगणकाच्या बाबतीत नीट कळतं. काही बंधनं न घालता १५ रेघांवर खेळलेला गोमोकू पहिली खेळी करणारा अचूक खेळला तर जिंकतोच, हे व्हिक्टर अ‍ॅलिस या डच संशोधकानं १९९०च्या दशकात सिद्ध केलं. म्हणून रेंजू या त्याच्या स्पर्धेतल्या प्रकारात काळ्यावर बंधनं आहेत: एकाच खेळीत दोन उघड्या तिनाच्या रांगा करायच्या नाहीत, पाचावर सहावी जोडायची नाही. गोच्या मोठ्या पटावर ३६१ जागा आहेत, त्याचा असा निकाल लागलेला नाही. बुद्धिबळात संगणकानं कास्पारोव्हला १९९७ मध्ये हरवलं. गोमध्ये ली सेडोल या कोरियाच्या अव्वल खेळाडूला हरवायला मार्च २०१६ उजाडला. अल्फागो या गुगलच्या संगणक-प्रोग्रामनं सोलमध्ये ४-१ असा निकाल लावला, आणि तो एक डाव लीनं जिंकला म्हणून अजून लोक त्याच्याबद्दल बोलतात.

आता फोनचं. मोठा पट लहान स्क्रीनवर उघडूच नका. कापूस वेचून फुटलेली बोटं असोत की नाजूक, गोटी शेजारच्या जागेवर पडणारच. नऊ रेघांपासून सुरुवात करा, मग १३. सेटिंगमध्ये खेळी पक्की करायला दुसऱ्यांदा दाबावं लागेल अशी सोय असली तर ती चालू ठेवा. आमच्याकडे रेंज निंबाखाली येते आणि लाइनबरोबर जाते, त्यामुळे घड्याळ लावून खेळण्यात अर्थ नाही. एका खेळीला दोन-तीन दिवस देणारे डाव असतात, ते आपल्या कामाचे. सकाळी वावरात जाताना एक गोटी ठेवा, संध्याकाळी उत्तर पाहा. गोमोकूत असा निवांतपणा जमत नाही, तो चहा होईपर्यंत संपतो. गोवाल्यांची एक जुनी म्हण आहे, पहिले शंभर डाव लवकर हरून टाका. भाच्यानं शंभर जिंकून ठेवले होते, तेही दुसऱ्याच खेळात.

फटाके मात्र गोमध्ये फुटत नाहीत. डाव कधी संपला हे फोन सांगत नाही, तुम्हीच ओळखायचं. आता ठेवायला फायद्याची जागा उरली नाही असं वाटलं की 'पास' दाबायचं. समोरच्यानंही पास दाबला की मोजणी. नवशिके हे बटण पाहून घाबरतात आणि आपल्याच वावरात गोट्या भरत सुटतात. जपानी नियमानं मोजणी असेल तर अशा प्रत्येक गोटीगणिक एक गुण घटतो. खेळ ओळखण्याची खूणही हीच: पासचं बटण आणि गुणांचा आकडा दिसला तर गो, नाही तर गोमोकू.

भाऊबीजेच्या दिवशी भाच्यानं फोनवर पहिला पुरता डाव खेळला, काळ्या गोट्या घेऊन. समोरच्यानं पास दाबलं. "मामा, मी बी दाबू?"

"मोज आधी."

स्क्रीनवर बोट टेकवत त्यानं मोजलं. उचललेल्या गोट्या धरून त्याचे २३, समोरच्याचे १८. पास दाबलं. निकाल आला: पांढरा दीड गुणानं विजयी.

"साडेसहा गुन त्याले फुकट काहून देल्ले?"

पहिली खेळी काळ्याची, त्याचा फायदा फेडायला पांढऱ्याला साडेसहा गुण देतात, त्याला कोमी म्हणतात. अर्धा गुण बरोबरी होऊ नये म्हणून. हे मी सांगेपर्यंत त्यानं नवीन डाव लावला होता, या वेळी पांढऱ्या गोट्या घेऊन.