श्वानांतील श्रमोत्तर स्नायुकंप

जोरात धावणे, पोहणे, शिकारीचा सराव किंवा चेंडू आणण्याचा खेळ यांनंतर कुत्र्याच्या स्नायूंत दिसणारी अनैच्छिक थरथर. बहुधा ती मागच्या पायांच्या मांड्यांत सुरू होते. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे आणि त्याची कारणे साध्या थकव्यापासून जीवघेण्या उष्माघातापर्यंत आहेत. म्हणून नुसत्या थरथरीवरून निदान करू नये. ती केव्हा सुरू झाली, चाल कशी आहे, शुद्ध आहे का, ताप किती आणि लघवीचा रंग कोणता, या पाच गोष्टी पाहाव्यात.

थकव्याची थरथर बारीक व दोन्ही बाजूंना सारखी असते. उभे असताना ती दिसते आणि आडवे झाल्यावर ओसरते. कुत्रा हाकेला ओ देतो, पाणी पितो, चालताना अडखळत नाही. आठवडाभर घरात राहून सुटीच्या दिवशी एकदम गड चढलेल्या कुत्र्यांत ती नेहमी आढळते. लॅक्टिक आम्ल साचल्याने ती होते हे जुने स्पष्टीकरण अजूनही सांगितले जाते; पण विश्रांती मिळताच लॅक्टेट झपाट्याने उतरते. त्यामुळे दमलेल्या स्नायुतंतूंना मिळणाऱ्या चेतासंदेशांची लय बिघडते, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. गार पाण्यातून बाहेर आलेला कुत्रा थंडीने कुडकुडतो, ते वेगळे. अंग कोरडे करताच ते थांबते.

श्रमजन्य कोसळ. या गटातील सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला विकार मुख्यतः लॅब्रॅडॉर रिट्रीव्हरमध्ये आढळतो. चेसापीक बे व कर्ली-कोटेड रिट्रीव्हर, बॉयकिन स्पॅनियल आणि पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी यांतही तो नोंदला आहे. पहिला झटका बहुधा सात महिने ते दोन वर्षे या वयात, म्हणजे कसून शिक्षण सुरू होते तेव्हा येतो. साधारण ५ ते २० मिनिटांच्या जोरदार श्रमानंतर मागचे पाय फाकतात, कंबर डळमळते आणि पाय फरफटू लागतात. तरीही कुत्रा पुढच्या पायांवर अंग ओढत चेंडूकडे जाऊ पाहतो. वेदना दिसत नाही. झटका चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते. बहुतेक कुत्रे अर्ध्या तासात पूर्ववत चालतात, पण काही झटक्यात किंवा लगेच नंतर दगावले आहेत. श्रम तेवढेच असूनही उत्तेजना जास्त असेल, तर झटका येण्याचा संभव वाढतो. मालकासोबत शांतपणे लांब पळणारा कुत्रा पक्षी किंवा चेंडू दिसला की कोसळतो, तो त्यामुळेच.

विकाराचे मूळ कोठे, यावर बराच काळ मतभेद होते. स्नायूंतील चयापचयाचा दोष किंवा दुर्धर अतिताप (स्नायूंत बेसुमार उष्णता निर्माण होणारा विकार) यांपैकी एक असावा, असा आरंभी कयास होता. अंगाचे तापमान ४१° से.पलीकडे जाते हे त्याला पुष्टी देणारे वाटे. परंतु तेवढ्याच श्रमानंतर निरोगी लॅब्रॅडॉरचे तापमानही जवळपास तितकेच चढते, हे मोजमापांतून दिसून आले आणि केवळ उष्णतेचा पक्ष कमकुवत झाला. २००८ मध्ये मिनेसोटा व सस्कॅचेवान विद्यापीठांतील संशोधकांनी हा दोष ‘डीएनएम१’ जनुकात असल्याचे दाखवले. या जनुकापासून डायनॅमिन-१ हे प्रथिन बनते. त्यातील २५६ व्या जागी आर्जिनीनऐवजी ल्युसीन येते.

चेतापेशी संदेश देताना पुटिकांतून, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांतून, रसायन बाहेर टाकते. नंतर त्या पुटिकांचे पटल (आवरण) खुडून परत आत घ्यावे लागते, आणि हे खुडण्याचे काम डायनॅमिन-१ करते. संदेश तुरळक असतील तर सदोष प्रथिनही पुरते. उत्तेजित कुत्र्याच्या मज्जारज्जूत संदेशांचा भडिमार होतो तेव्हा भरलेल्या पुटिका संपतात आणि पाय ढिले पडतात. फळमाशीतील डायनॅमिनचा एक दोष १९७० च्या दशकापासून परिचित आहे. त्या माश्या तापमान वाढताच लुळ्या पडतात व गारव्यात पुन्हा उडतात. हे साम्य आणि झटक्यातील प्रतिक्षिप्त क्रियेचा लोप पाहता बिघाड स्नायूत नसून चेतासंस्थेत आहे, हेच मत ग्राह्य ठरते. तरी दोन सदोष प्रती असलेले काही कुत्रे कधीच कोसळत नाहीत. श्रमाचा प्रकार व स्वभाव यांचाही वाटा असावा.

वारसा अप्रभावी आहे, म्हणजे विकारासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात; एकच सदोष असलेला कुत्रा वाहक. दोन वाहकांच्या संकरात दर पिल्लाला विकाराचा धोका २५ टक्के असतो. वाहक व निर्दोष यांच्या संकरात एकही पिल्लू बाधित होत नाही, निम्मी वाहक निघू शकतात. त्यामुळे गुणी वाहकाला पैदाशीतून बाद करण्याची गरज नाही. गालाच्या आतील पुसणी किंवा रक्तावरून चाचणी होते. महाराष्ट्रात लॅब्रॅडॉर घरोघरी आणि पोलिसांच्या श्वानपथकांतही असल्याने ही चाचणी पैदाशीपूर्वी झालीच पाहिजे. बाधित कुत्रा पाळीव म्हणून सुखाने जगतो. पहिली डळमळ दिसताच खेळ थांबवावा लागतो.

बॉर्डर कॉलीमध्ये यासारखीच कोसळ दिसते. मात्र ते कुत्रे गोंधळलेले दिसतात आणि त्यांच्यात ‘डीएनएम१’ दोष सापडत नाही.

इतर कारणे. स्कॉटिश टेरियरमधील ‘स्कॉटी क्रॅम्प’मध्ये पाठ कमानीसारखी वर येते व मागचे पाय ताठरतात. शुद्ध शाबूत राहते आणि झटका काही मिनिटांत ओसरतो. मज्जासंस्थेतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची कमतरता हे त्याचे मान्य कारण. डायझेपाम हे स्नायू सैल करणारे औषध उपयोगी पडते. अ‍ॅस्पिरिनने झटके वाढतात.

शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये अतिश्रमाने स्नायुतंतू फुटतात. मांड्या व कंबर टणक, दुखऱ्या होतात आणि लघवी चहासारखी तपकिरी दिसते. फुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाला इजा करते, म्हणून शिरेतून द्रव देणे तातडीचे असते. स्नायू फुटल्याने रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे विकर शिगेला पोचायला काही तास लागतात. लगेच घेतलेला रक्तनमुना फसवू शकतो.

रिकाम्या पोटी दिवसभर राबलेल्या शिकारी कुत्र्यांत आणि लहान चणीच्या जातींत रक्तशर्करा घसरते. गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नये. मध किंवा दाट साखरपाणी हिरड्यांना चोळावे. व्यायलेल्या कुत्रीत पहिल्या काही आठवड्यांत कॅल्शियम उतरून कंप येतो. गोचीड तापातील पांडुरोगामुळेही (रक्तक्षयामुळे) थोड्या चालण्याने पाय कापतात.

प्रथमोपचार. श्रम थांबवून सावलीत न्यावे व गुदमार्गातून तापमान घ्यावे. विश्रांतीत ते ३८.३ ते ३९.२° से. असते. श्रमानंतर ते चढतेच. पण धाप थांबत नसेल, झोकांड्या जात असतील किंवा कुत्रा गोंधळला असेल, तर दवाखाना गाठण्याआधीच अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडते, ही भीती अतिरंजित मानली जाते. कोमट पाण्यासाठी थांबून वेळ घालवणे अधिक घातक. ओला टॉवेल अंगावर तसाच ठेवू नये, तो गरम होऊन उष्णता अडवतो. तापमान ३९.५° च्या आसपास आले की थांबावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरते. झटक्याचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण पशुवैद्यकाला फार उपयोगी पडते, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत चाल सहसा सुधारलेली असते.