ग्राहकसंस्कृती (ठाणे–नवी मुंबई)

माणसाची हौस, प्रतिष्ठा आणि फुरसत खरेदीभोवती फिरू लागते, त्या जीवनपद्धतीला ग्राहकसंस्कृती म्हणतात. इंग्रजीतला ‘कन्झ्युमरिझम’ हा एकच शब्द ग्राहकाच्या हक्कांसाठीही वापरतात आणि उपभोगाच्या अतिरेकासाठीही. मराठीने त्याची सरळ वाटणी केली : एक ‘ग्राहक चळवळ’, दुसरा ‘चंगळवाद’. शिवाय ग्राहकाचे घरगुती रूप ‘गिऱ्हाईक’, आणि एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे त्याची यथेच्छ थट्टा करणे. विकत घेणाऱ्याची काय गत होते ते भाषेला कायद्याच्या आधी कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

ठाणे हे आधी वस्तू बनवणाऱ्यांचे शहर. रेमंडची लोकरगिरणी १९२५ची. १९६०च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली. पगार झाला की वाणसामान भरायचे आणि वाण्याच्या वहीतली मागची उधारी चुकती करायची, ही कामगार घरांची रीत. रेमंडचा इथला कारखाना २००९मध्ये बंद झाला आणि पुढे त्या जागेवर निवासी टॉवर उभे राहू लागले. कारखाना बंद झाला त्याच सुमारास पूर्व द्रुतगती महामार्गालगत कोरम मॉल सुरू झाला, २०१३मध्ये विवियाना. कापड विणणाऱ्या शहराची ओळख आता शोरूमवरून सांगितली जाते.

मॉलला नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही. बाजारात गेलेल्या बाईला स्वच्छतागृह कुठे मिळणार, हा प्रश्न जांभळी नाक्याच्या गर्दीत आजही अवघड आहे. मॉलने तो सोडवला. बसायला गारवा दिला. मात्र ही सोय गिऱ्हाइकासाठी आहे, नागरिकासाठी नाही. मासुंदा तलावाच्या काठावर रिकाम्या हाताने बसलेल्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

नवी मुंबईत राबणारे हात आणि चकचकीत खरेदी यांच्यातली तफावत अधिक उघडी दिसते. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलवले गेले. फळे आणि भाजीपाल्याचा बाजार १९९६मध्ये आला. तिथे गोण्या पाठीवर वाहणाऱ्या माथाडींना १९६९च्या कायद्याचे संरक्षण आहे, तेही अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झगडून मिळवलेले. जवळच्याच वातानुकूलित दुकानात तोच कांदा पारदर्शक पिशवीत, वजन-किमतीची चिठ्ठी लावून येतो. माथाडी त्या चिठ्ठीवर नसतो.

कायद्याने खरेदीदाराची बाजू बरीच भक्कम केली आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९च्या कायद्याने घेतली. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. मोबदल्यादाखल दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ‘घाई करा, फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी टंचाई दाखवणे किंवा न विचारता टोपलीत जादा वस्तू सरकवणे, अशा ऑनलाइन क्लृप्त्यांना २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली.

पण हे सारे घेणाऱ्यासाठी. देणाऱ्या हातांचा हिशेब वेगळ्या कायद्यांत, तोही तुटपुंजा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकानांविषयीच्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवायला मुभा दिली, सोबत कामगाराला आठवड्याची सुटीही. घोडबंदर रस्त्यावर दुचाकी हाकणारा डिलिव्हरीवाला मात्र ‘भागीदार’ म्हणवला जातो, त्यामुळे सुटी कोणी कोणाला द्यायची हाच घोळ. अनेक संकुलांत त्याला रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत. जेवण त्याने गरमच पोचवायचे.

वेगळी वाट म्हणून ठाण्यासह या पट्ट्यात पसरलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचा उल्लेख करायला हवा. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने ही संस्था १९७५मध्ये सुरू झाली. संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, वाणसामानाची यादी आगाऊ देतात, माल महिन्यातून एकदा एखाद्या सभासदाच्या घरी उतरतो आणि सगळे मिळून तो वाटून घेतात. यादी आधीच गेलेली असल्यामुळे ऐनवेळी काही आवडून जाण्याची सोयच नाही. अडचण आहे ती वेळेची. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात वाटपाच्या दिवशी कोण थांबणार? दहा मिनिटांत घरपोच आणणारी ॲपे शिरली ती नेमकी याच फटीतून.