भुलवणाऱ्याला मराठीत नाव का नाही?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्तदाब, ॲलर्जी, जुनी दुखणी विचारून जाणारे डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ. नागपूरकडे येणाऱ्या हिंदीभाषक पेशंटनं ही पाटी वाचली, तर त्याला हा विसराळूपणाचा डॉक्टर वाटेल. हिंदीत 'भूलना' म्हणजे विसरणं, गुजरातीत 'भूल' म्हणजे चूक, आणि आपल्याकडे 'भुलणं' म्हणजे एखाद्याच्या रूपाला, बोलण्याला वश होणं. धातू एकच.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत 'भ्रंश्', म्हणजे ढळणं, घसरणं, या धातूच्या जागी प्राकृतात काय काय येतं याची यादी त्यात आहे. तिच्यात 'चुक्क' आणि 'भुल्ल' शेजारी शेजारी बसलेत. हिशेबाच्या कागदाखाली आपण 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहितो, ती जोडी इतकी जुनी आहे. म्हणजे भुलणं हे मुळात प्रेमातलं नव्हेच, ते पाय घसरणं होतं. पुढे 1846 मध्ये बोस्टनला ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली, ते तंत्र जगभर पसरलं, आणि शुद्ध हरपण्यासाठी मराठीला हाच शब्द सापडला.

भुलवणाऱ्यासाठी इंग्रजीत 'सिड्यूसर' हा शब्द आहे, तो लॅटिनमधून आला. त्यातल्या 'से'चा अर्थ बाजूला, आणि 'डुकेरे' म्हणजे नेणं. वाटेवरून बाजूला नेणारा तो सिड्यूसर. याच 'डुकेरे'पासून सिनेमाचा प्रोड्यूसर झाला आणि एसटीतला कंडक्टरही. (कंडक्टर निदान तिकीट तरी देतो.) आपला संस्कृत 'नी' धातूही नेण्याचाच. त्यातून नेता, नायक आणि 'प्र' लागून प्रणय. प्रणय म्हणजे शब्दशः पुढे नेणं, अगदी प्रोड्यूसरसारखं.

मला खरी गंमत वाटते ती व्याकरणाची. लॅटिनमध्ये मूळ क्रियापद नेणाऱ्याचं आहे. मराठीत मूळ क्रियापद 'भुलणे', म्हणजे ज्याचा तोल गेला त्याचं. दुसऱ्यानं तो घालवला हे सांगायला मागाहून 'व' जोडावा लागतो: भुलवणे. 'मोह'चंही तसंच. 'मुह्' म्हणजे भांबावणं. मूढ आणि मुग्ध त्याचेच. तिथेही आधी भांबावलेला माणूस, मग 'मोहवणे'. म्हणून की काय, करणाऱ्यासाठी मराठीत सुटसुटीत नाम घडलंच नाही. 'भुलवणारा' हे तात्पुरतं काम आहे, ओळख नव्हे. लंपट, रंगेल हे शब्द स्वभाव सांगतात, कृत्य नाही.

क्रियापदं मात्र रेलचेल. किल्लेदाराला फितवतात, गिऱ्हाइकाला भुरळ घालतात, पोराला नादी लावतात. अल्पवयीन मुलीला 'फूस लावून पळवलं' ही पोलीस ठाण्यातली भाषा. तिथे तो अपहरणाचा गुन्हा असतो आणि मुलीची संमती होती ही सबब चालत नाही.

नाम आहे ते स्त्रीलिंगी: मोहिनी. पण ती तरी कोण? असुरांना भुलवून अमृत देवांना वाटणारा विष्णूच. नेवाशाच्या देवळात तो मोहिनीराज म्हणून उभा आहे, नावातच दोन्ही लिंगं घेऊन.

पुरुषासाठीची पोकळी शेवटी रंगभूमीनं भरली. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 मध्ये आलं आणि त्यातला लखोबा लोखंडे सामान्यनाम होऊन बसला. युरोपात व्हेनिसच्या कॅसानोव्हाचं झालं तेच. फरक एवढाच की कॅसानोव्हा म्हणवून घ्यायला काहींना आवडतं. लखोबा म्हटलेलं कुणालाही चालणार नाही, कारण त्यात लग्न, दागिने आणि फसवणूक आलीच. आजही लग्नाचं आमिष दाखवून अनेकींना लुबाडणारा सापडला की बातमीला मथळा ठरलेला: 'आधुनिक लखोबा'. तेच बाईनं केलं तर मात्र मथळेवाले हिंदीतून 'लुटेरी दुल्हन' उसनी आणतात.